आजारखोलीतली टकटक

३ मे
आज सहायक अधीक्षिका म्हणून रुजू झाले. मुलींचं वसतिगृह मोठं आहे, पण टाळेबंदी लागल्यावर घरदार असलेल्या मुली निघून गेल्या. ज्यांना न्यायला कुणी आलं नाही, अशा मूठभर उरल्यात. मुख्य अधीक्षिकांनी, म्हणजे थोरल्या बाईंनी, किल्ल्यांचा जुडगा हातात दिला आणि मास्कमधूनच हसल्या. माझी खोली हवेशीर आहे. भिंतीपलीकडे आजारखोली, सध्या रिकामी. जेवताना एका मुलीनं सगळ्यांच्या नकला केल्या, माझीसुद्धा! तिला सगळ्या बडबडी म्हणतात. पंधराची असेल. मला इथे करमणार.

११ मे
बडबडीला ताप आला. नियमाप्रमाणे तिला आजारखोलीत ठेवलं. ताट दाराशी ठेवायचं, आत जायचं नाही. तिच्या मामांचा फोन येणंही बंद झालंय, असं स्वयंपाकाच्या मावशींनी सांगितलं. दुपारी ती दाराआडून म्हणाली, मी नसले तर कुणाला काय फरक पडतो? मी म्हटलं, आमच्या कानांना जरा विश्रांती मिळेल. ती हसली नाही.

१५ मे
ताप उतरलाय, तपासणीचा निकाल यायचाय. ताट तसंच परत येतं. मावशी म्हणाल्या, पोरीचं काहीतरी बिनसलंय, जरा बघा. मी म्हटलं, नाटकं आहेत. दुपारभर ती भिंतीवर टकटक करत होती. हळू, थांबून थांबून. ताई, थोडं बसा ना, असंही म्हणाली. मी म्हटलं, उद्या.

१६ मे
बडबडी गेली. तिनं स्वतःच —
थोरल्या बाई म्हणाल्या, तुमचा दोष नाही, तुम्ही नियमानंच वागलात. पण दाराबाहेर खुर्ची टाकून बसायला मला कुठला नियम आडवा येत होता?

२० मे
भरदुपारी टकटक. हळू, थांबून थांबून. खोलीला कुलूप आहे, किल्ली माझ्याकडे. मावशींना विचारलं. त्यांना काहीच ऐकू येत नाही.

२४ मे
इथल्या सगळ्यांत लहान मुलीला, धाकटीला ताप. बडबडीची जिवलग मैत्रीण. तिलाही तिथेच ठेवलं — मी नको म्हटलं होतं, पण दुसरी खोलीच नाही म्हणे. टकटक वाढलीय. कानात बोटं घातली तरी —

२६ मे
बडबडी बोलावतेय. माझं त्या दाराशी जायचं धाडस नाही. कुठल्या तोंडानं —

२७ मे
सहन होईना. दार उघडलं.
टकटक थांबली. धाकटी कोपऱ्यात, भिंतीपासून लांब, गुडघ्यांत डोकं घालून. म्हटलं, बाळा, आता वाजवू नकोस, मी आलेय. ती म्हणाली, ताई, मी नाही वाजवलं.
पळणार होते — पण तिचा चेहरा पाहिला. सरळच विचारलं, जगणं नकोसं झालंय का? तिनं मान हलवली. हो.
मावशींना हाक मारली, त्या डॉक्टरांना फोन करतायत. मी धाकटीजवळ बसलेय, इथून हलणार नाही. डॉक्टर येईपर्यंत इथेच बसून लिहितेय —
आता माझ्या रिकाम्या खोलीतून टकटक —
वाजू दे. धाकटी काहीतरी सांगतेय, आधी तिचं —