छोटीची जागा

किहीम, १२ नोव्हेंबर २०२४

चि. ओंकारला केसरताईचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तू मध्येच दुसऱ्याशी बोलतोस, म्हणून लिहिते. सुट्टी मिळत न्हाय हे रडगाणं नको.

आपला अनाथाश्रम बंद झाला, तिथं रेशनचं गोदाम झालं, मी झाडलं. मग शिवणाचा वर्ग, करोनात आजाऱ्यांच्या खाटा, तेही झाडलं. आता हॉटेल हाय, तेही मीच झाडते. आपण पेज खायचो त्या खोलीत पाहुणे दारू पितात. भिंतींचं मला काय न्हाय. पण मालक अल्पेशशेठ मागच्या कण्हेरीखाली पोहायचा तलाव खणणार. तिथं आपल्या छोटीला पुरलंय. खड्ड्यात मीठ तूच टाकलं होतंस.

शेठ म्हणतो, ती तुझी कोण? कागद हाय का? कागद कुठला! नारळी पुनवेला आश्रमाच्या बाई एकेका मुलग्यासमोर दोन मुली बसवायच्या, राखी बांधली की झाली भावंडं. तुझ्यासमोर मी आणि छोटी. हे त्याला काय कळणार? पंचवीस तारखेला खणायला येतायत. तू ये.

लोभ वाढवू नको, हाय तेवढा घेऊन ये.

केसरताई

न्हावा शेवा, १८ नोव्हेंबर

ती. केसरताईस सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. राग मानू नकोस, पण इतक्या वर्षांनी त्या मातीत काय उरलं असणार? मूठभर माती समुद्रात सोड आणि मोकळी हो. भांडलीस तर नोकरी जाईल. मला पाळी बदलून मिळत नाही. तुझ्या हातचे बोंबील मात्र रोज आठवतात.

लोभ आहेच, रागावून तो कमी करू नकोस.

तुझा ओंकार

किहीम, २७ नोव्हेंबर

चि. ओंकारला आशीर्वाद.

येत न्हाय म्हणालास आणि आलास. पण जेवला न्हाईस. बोंबील मांजराला घातले.

तू गेल्यावरचं ऐक. खणणारे पाली गावाकडचे. त्यांचा मुकादम बुधाजी शेठला म्हणाला, पोरीचा भाऊ समोर येऊन उभा राहिला, आता इथं आम्ही कुदळ लावणार न्हाय. मी सकाळपासून ओरडत होते ते मेल्याला ऐकू आलं न्हाय! शेठ चरफडला, पण तलाव पुढच्या अंगणात नेला.

आता तो कण्हेरीखाली दगड बसवतोय, म्हणजे कोणी तिथं चालायचं न्हाय. वर नाव काय घालू विचारतो. मी सांगितलं, छोटी. तो म्हणाला, हे काय नाव झालं, खरं सांग. कालपासून डोकं फोडतेय. सगळे तिला छोटीच म्हणायचे रे. तुला ठाऊक हाय का तिचं नाव?

पाथरवट पुढच्या आठवड्यात येतोय. लोभाचं राहू दे. नाव कळव.

केसरताई