सात नंबरचा निरोप

आई, आज रविवार आहे, दुपारचे तीन वाजलेत आणि मी खासबागच्या घरात, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तुला लिहितेय. तुला वाचता येत नव्हतं, आणि तुला जाऊनही आता वीस-बावीस वर्षं झाली, म्हणजे हे पत्र दोन्हीकडून अडलेलं आहे. तरी लिहितेय, कारण बुधवारपासून मी जे धरून बसलेय ते घरात कुणाला दाखवता येत नाही. नवऱ्याला सांगायला गेले तर तो म्हणाला, "तू सगळं कबूल केलंस ना? मग झालं." तो सरळ माणूस आहे, त्याला तेवढं पुरतं. तू असतीस तर एवढ्यावर गप्प बसली नसतीस. तू नुसती माझ्याकडे बघत राहिली असतीस आणि मी आपोआप बोलले असते. भीती वाटली की अजून तूच आठवतेस, आणि खरं सांगायचं तर या वेळी तुझीही भीती वाटतेय.

झालंय ते असं. एका म्हाताऱ्या माणसाला, जी पिशवी द्यायची नव्हती ती रक्ताची पिशवी दिली गेली असेल, किंवा नसेल. मला माहीत नाही. आणि दिली गेली असेल तर ती माझ्या हातच्या चुकीमुळे.

मी काय काम करते ते तुला नीट सांगायचं राहूनच गेलं. तू गेलीस तेव्हा मी कॉलेजात होते आणि "पोरगी कंप्युटरचं शिकतीया" एवढंच तू निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत बायकांना सांगायचीस. आता मी मच्छ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका लहानशा कंपनीत आहे. इथली एक रक्तपेढी आणि तिच्याकडून रक्त घेणारे तीन छोटे दवाखाने यांच्यात दिवसभर निरोपांची ये-जा चालते. पिशवी पाठवली, पिशवी मिळाली, ही पिशवी द्या, ही थांबवा, पुन्हा तपासायची आहे. ते निरोप पोचवणारं सॉफ्टवेअर आमचं. कंप्युटरला निरोप जसाच्या तसा पाठवता येत नाही. आधी तो मोडून अंकांची एक सरळ ओळ करायची, ती तारेतून सोडायची आणि पलीकडे ती वाचून पुन्हा निरोप उभा करायचा. आमच्यात याला सिरियलायझेशन म्हणतात. तू हसशील, पण तुम्ही वखारीत तंबाखूचा बोद भरून त्या पोत्याचं तोंड शिवत होता आणि पलीकडचे लोक तो उसवत होते, त्यातलाच प्रकार. बोदावर मार्का असायचा, आत पान आहे की काडी की भुकटी ते कळायला. आमच्या ओळीच्या सुरुवातीलाही तसाच एक नंबर असतो. तो बघून पलीकडचा कंप्युटर ठरवतो की हा अमुक प्रकारचा निरोप, याला असा उघडायचा.

चार वर्षांपूर्वी साहेबांनी अट घातली की उद्या कुठलाही नवा निरोप निघाला तरी तो जायला हवा, प्रत्येक वेळी आतलं सगळं खोलत बसायचं नाही. मी फार हुशारी केली. निरोपांच्या नावांची एक यादी ठेवली, आणि यादीत ज्याचा जो क्रम तोच त्याचा नंबर. नवा निरोप आला तर नाव घाला, बस्स. हातानं नंबर लिहायची भानगडच नको. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली होती. मी तर दवाखान्यातल्या सिस्टरांनाही सांगून आले, "आता तुमची ती नोंदवही बंद करा, सगळं स्क्रीनवर राहतंय." हे वाक्य मी मोठ्या तोऱ्यात बोलले होते, ते आता दिवसातून दहा वेळा ऐकू येतं.

गेल्या आठवड्यात एक नवा निरोप घालायचा होता. तो मी यादीच्या शेवटी टाकायला हवा होता. पण मला ते दिसायला बरं वाटेना. त्याच्या जातीचे निरोप वर, मध्यावर होते, म्हणून मी तो त्यांच्याशेजारी नेऊन बसवला. इतकंच केलं गं मी. त्याच्याखालचे सगळे एकेक पायरी सरकले. सोमवारी रक्तपेढीत नवी यादी बसली, दवाखान्यांत आमचा माणूस गुरुवारी जाऊन बसवणार होता. मधले तीन दिवस पेढीकडे एक यादी आणि दवाखान्यांकडे दुसरी. पेढी "थांबवा" म्हणून सात नंबर पाठवायची, आणि दवाखान्याच्या जुन्या यादीत सात नंबरला होतं "द्या".

निरोप फाटला असता, लाल अक्षरांत चूक दाखवली असती, तर बरं झालं असतं. पण या दोन्ही निरोपांच्या आत सारखंच असतं: पेशंटचा नंबर, पिशवीचा नंबर, वेळ. त्यामुळे कंप्युटरला काही वावगं वाटलंच नाही. दुसरे काही निरोप उघडले नाहीत, तेव्हा सिस्टरांना वाटलं नेट गंडलंय, त्यांनी फोनवर विचारून काम भागवलं. बुधवारी सकाळी दहाच्या सुमाराला निपाणीच्या वाटेवरच्या दवाखान्यातून मोठ्या सिस्टरांचा फोन आला. "मॅडम, तुमच्या स्क्रीनवर 'पिशवी द्या' आलंय आणि पेढीवाले फोनवर म्हणत्यात थांबवलीया. मी कुणाचं ऐकू?" मी म्हटलं, "पेढीचं ऐका, काही देऊ नका, मी बघते." यादी उघडली, आणि उघडल्या उघडल्या कळलं. हातातला चहाचा कप खाली ठेवायला टेबल कुठे आहे तेच समजेना.

त्या क्षणी मला तुझी फळी आठवली. दुसरं काही नाही, कंप्युटरही नाही, आपल्या निपाणीच्या घरातली चुलीवरची ती लाकडी फळी. मी तेव्हा सहावीत. वर्गात पहिली आले म्हणून तू वह्यांना लावायची चौकोनी लेबलं आणली होतीस, निळ्या काठाची, पाठीला डिंक असलेली. वह्या संपल्या, लेबलं उरली. सुट्टीत मी सगळे डबे उतरवून, पुसून, एकेकावर लेबल चिकटवलं. साखर, चहा, मीठ, डाळ. आणि धुण्याच्या सोड्याचा डबा खाली मोरीपाशी असायचा, त्यालाही झाकण आहे, त्यालाही लेबल लागलंय, म्हणून त्यालाही मी फळीवर बसवला, चहा आणि मिठाच्या मध्ये; मीठ तिसऱ्यावरून चौथ्या जागी गेलं. किती सुरेख दिसत होतं ते! तू कामावर होतीस. मी तुझी वाट बघत होते, तू काय म्हणशील म्हणून.

तू फळीकडे बघितलंसुद्धा नाहीस. भोंगा व्हायच्या आत परत जायचं होतं, तू जेवणाच्या सुट्टीत धावत येऊन आमटी टाकत होतीस. हात वर केलास, तिसरा डबा काढलास, मूठ सोडलीस. तुला अक्षर येत नव्हतं, तुला तिसरा डबा येत होता. आप्पा पहिला घास घेऊन तसेच उठले आणि दारात जाऊन थुंकले. त्यांची जीभ सोलली होती, पुढे दोन दिवस त्यांना तिखट चाललं नाही. तू मला मागच्या दारी नेलंस. मारलं नाहीस. दंडाला धरून म्हणालीस, "वाचता येतंय म्हणून माझ्या फळीला हात लावलास व्हय गं? तुला डब्यावर नाव दिसतंय, मला जागा दिसतीया. जागा हलवायची असंल तर आदी मला सांगायचं, मग हलवायचं. तुझ्या आप्पाच्या जागी बारकं पोर असतं मंजे?" आणि आत जाऊन आप्पांना सांगितलंस, "घाईत माझाच हात चुकला." मी दाराआड उभी होते. किती सुटल्यासारखं वाटलं मला त्या वेळी, ते आजही लख्ख आठवतं, आणि त्याची लाजही वाटते.

इतकं ऐकून, इतकं सोसून, चाळिशी उलटल्यावर मी पुन्हा तेच करावं? साहेबांना मी लगेच सांगितलं. लपवलं नाही. म्हटलं, चूक माझी आहे, यादी मी हलवली. त्यांनी आधी डोक्याला हात लावला, पण मग म्हणाले, अशी कबुली द्यायला धमक लागते. सगळ्या दवाखान्यांना फोन केले, निरोप बंद ठेवायला लावले, तासाभरात दोन्हीकडची यादी एक केली. मग तीन दिवसांत "थांबवा" असे किती निरोप गेले ते काढलं. चार. तीन पिशव्या पेढीच्या फ्रिजमध्येच होत्या, दोन निघाल्याच नव्हत्या आणि मोठ्या सिस्टरांकडची परत आली होती. मी त्या स्वतः जाऊन बघितल्या, एकेक नंबर बोट ठेवून वाचला. पेढीचे डॉक्टर म्हणाले, "एनू आगिल्ला, मॅडम. काही झालेलं नाही. कशाला एवढं घेताय?" मग मी चौथ्या पिशवीचा नंबर वाचला आणि तेच फ्रिजमधल्या पिशव्या पुन्हा बघायला लागले.

चौथी पिशवी मंगळवारी सकाळीच बर्फाच्या पेटीतून मोठ्या सिस्टरांच्याच दवाखान्यात पोचली होती. पेढीला मागाहून शंका आली, एक तपासणी पुन्हा करायची म्हणून त्यांनी "थांबवा" पाठवलं. तिथं ते "द्या" म्हणून उमटलं. पिशवी परत आलेली नाही. दिली का टाकून दिली, हे त्या दिवशी कामावर असलेल्या तरुण सिस्टरला सांगता येईना. मी दवाखान्यात जाऊन विचारलं तेव्हा ती पोरगी रडकुंडीला आली. "रोज इतक्या पिशव्या जात्यात मॅडम, मला आठवत न्हाय. 'द्या' आलं असंल तर दिली असंल. वहीत लिवलेलं न्हाय. तुम्हीच म्हणाला होता न्हवं, वही बंद करा म्हणून?" स्क्रीनवर तर दोन्ही गोष्टी होत्या, काही निरोप उलटेपालटे, काही उघडलेलेच नाहीत. आणि पेशंट, सत्तरीचे एक आजोबा, बुधवारी पहाटेच हट्टानं घरी गेले होते.

पेढीचे डॉक्टर म्हणाले, शंकाच होती, बहुतेक वेळा दुसऱ्या तपासणीत सगळं ठीक निघतं. पण आजोबांची विचारपूस करायला हवी. ताप आला का, लघवीचा रंग बदलला का, एवढं विचारा, आणि काहीही असेल तर लगेच दवाखान्यात आणायला सांगा. मीच म्हटलं, फोन मी करते. चूक माझी आहे, तर विचारायलाही मीच हवी. सगळ्यांना ते बरं वाटलं. मोठ्या सिस्टर तर म्हणाल्या, "तुमच्यासारखं कोण अंगावर घेतंय आजकाल." केसपेपरवर आजोबांच्या सुनेचा नंबर होता. तो फोन काही लागत नाही. उद्या सोमवारी दुपारपर्यंत लागला नाही तर दवाखान्यातून गावाला माणूस पाठवायचं ठरलंय.

तेव्हापासून मला धड जेवण जात नाही. मिठाचा डबासुद्धा दोनदा बघून घेते. ऑफिसात कुणी मोठ्यानं बोललं तरी वाटतं, कळलं काहीतरी. मनातल्या मनात मी त्या आजोबांना बरं करते. ते चावडीवर बसलेत, सुपारी कातरतायत, पोरांवर ओरडतायत. मग त्यांचा चेहरा आप्पांसारखा व्हायला लागतो आणि मी उठून काहीतरी काम काढते. आता हे लिहितानाही दोनदा उठले. आप्पांच्या वेळी तू पुढे झालीस, म्हणून मला त्यांच्या तोंडाकडे बघावं लागलं नाही. बघायला लावलं असतंस तर बरं झालं असतं का, हा विचार चार दिवसांत बऱ्याचदा आला. तुला दोष देत नाही गं. पण आला.

आई, फोन लागत नाही असं मी वर लिहिलंय. तुला लिहितानाही तेच लिहिलं, बघ. शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत सगळे खाली गेल्यावर मी तो नंबर लावला होता. दुसऱ्याच रिंगला उचलला. बाईचा आवाज होता. "हालो, कोण? बोला की." तिच्या मागं घरात माणसं होती, बरीच माणसं. भांडी वाजत होती, कुणीतरी कुणाला तरी आत येऊन बसायला सांगत होतं. आडवारी, ना सण ना सुट्टी, भर दुपारी. बारसं असेल, पाहुणे आले असतील, नाहीतर आजारी माणूस घरी आला की शेजारपाजारचे बघायला येतातच, मला काय माहीत! बाई पुन्हा म्हणाली, "दवाखान्यातनं बोलताय व्हय?" मी फोन बंद केला, तोंडावर पाणी मारलं, आणि खाली जाऊन साहेबांना सांगितलं, लागत नाहीये, बंद येतोय.