अर्धी मात्रा मागे

कार्नेओस महिना, तिसरा दिवस

अखेर ऱ्होड्सला पोचलो. होडीत माझी अंजिरं एका शेळीने फस्त केली, तरी मन प्रसन्न आहे. धक्क्यावर लेक उभी होती, क्लेनो. चाळीस वर्षं आमच्या लहानशा बेटावर मुलांकडून कविता घोकून घेतल्या. आता घसा थकला, गुडघे थकले. तिची आई गेल्यावर घरही थकल्यासारखं वाटायचं. क्लेनोची वेणी अगदी आईसारखी, कमरेखाली पोचणारी. शाळेत पुढच्या ओळीत बसायची. ‘लाटे, लाटे, परत ये, बाबा उभा किनारी.’ दुसरी ओळ सुरू करताना सगळ्या वर्गाच्या अर्धी मात्रा मागे. रागावलो तरी मागेच. आज तिने हाक मारली तीही तशीच, अंमळ उशिरा.

शेजारची मासळीवाली बिट्टो म्हणाली, गुरुजी, कवितेने पोट भरत नाही हो, ही तारली घ्या, आणि काटा अडकला तर मग म्हणा कविता.

सहावा दिवस

या वयात नोकरी लागली! शस्त्रशाळेच्या दामोक्सेनोसने नवा शोध लावलाय: दगडाच्या वजनावरून दगडफेकी यंत्राचं माप काढायचं. आकडे माझ्या डोक्यावरून गेले. मला कळला तो पुढचा भाग. यंत्राच्या दोन बाजूंना जनावरांच्या स्नायूंचे दोन जाड पीळ असतात. टिचकी मारल्यावर दोघांचा स्वर एकच निघायला हवा, नाहीतर दगड भलतीकडेच. चाळीस पोरांत बेसूर कोण, ते मी डोळे मिटून ओळखायचो. हे क्लेनोनेच त्याला सांगितलं.

दहावा दिवस

शत्रूची जहाजं बंदराबाहेर येऊन उभी आहेत. वेढा पडला. यंत्रांना स्नायू पुरेनात, म्हणून बायका केस देताहेत. पहिली बिट्टो. म्हणाली, मी आता सोललेला कांदा. रडतील ते समोरचे. केसांचा पीळ दगड स्नायूंपेक्षा चाळीस पावलं जास्त लांब फेकतो. दामोक्सेनोस आनंदाने नाचला.

मी टिचकी मारली. पिळातून बिट्टोची आरोळी आली: ताजी तारली! हसलो. म्हातारे कान.

बारावा दिवस

दिवसभर यंत्र चाललं. बिट्टोचा आवाज बसलाय. तटाच्या भिंतीवर ओरडून बसला असेल, असं सगळे म्हणतात. बाजार गप्प आहे. ज्यांनी केस दिले, त्या बायका नुसत्या बोटांनी भाव सांगतात.

शस्त्रशाळेत मात्र पिळांतून गलबला. टिचकीही न मारता.

चौदावा

बिट्टो गेली. तिच्या तिवईवर बसल्याबसल्या, तोंड उघडं. त्याच घटकेला तिचा पीळ मुका झाला. किती आवळला, तरी ओल्या चिंधीसारखा.

दामोक्सेनोसला सांगितलं. तो रागावला नाही. तोही फार दमलाय. म्हणाला, गुरुजी, भिंत पडली तर उरलेल्यांचे आवाज कुठे ठेवणार? उद्या शत्रूचा लाकडी मनोरा येतोय. मोठं यंत्र तयार पाहिजे. तुम्ही फक्त स्वर जुळवा.

क्लेनोला बजावलं, केस द्यायचे नाहीत. घरातली कात्री विहिरीत टाकली. तिने डोक्यावरचा रुमाल घट्ट बांधला.

पंधरावा, सकाळ

मोठ्या यंत्राच्या डाव्या पिळाला टिचकी मारली. वर्गच्या वर्ग कविता म्हणतोय. आणि दुसऱ्या ओळीला, एक आवाज, अर्धी मात्रा—

धावत घरी. तिचा रुमाल ओढला. केस परवाच कापले होते, पलीकडच्या शेजारणीच्या कात्रीने. घोगऱ्या आवाजात म्हणाली, बाबा, सगळ्यांनी दिले, मी एकटीच कशी मागे राहू?

दुपार

पीळ कापला, तर तो बिट्टोच्या पिळासारखा मुका होईल. दगड फेकला, तरी मुका होईल. एकच उपाय उरलाय: यंत्र चालूच द्यायचं नाही.

दामोक्सेनोसने विचारलं, जुळलं? मी म्हटलं, नाही. चाळीस वर्षांत कुठल्या पोराचं खोटं खपवून घेतलं नव्हतं.

त्याने डावा पीळ एक वेढा आवळला.

पुन्हा विचारलं. नाही. आणखी एक वेढा.

तीच शेजारीण सांगत आली: क्लेनो बारीक, उंच आवाजात बोलतेय, लहान मुलीसारखी. गळा धरून—

माझ्या ‘नाही’मुळे. माझ्याच—

त्यानंतर

मनोरा भिंतीला लागला. दगडी चुरा या पानावर पडतोय. सगळे माझ्या तोंडाकडे बघताहेत. हो म्हटलं, तर फेकतील. नाही म्हटलं, तर आवळतील. मी लिहितोय, म्हणजे बोलावं लागत नाही—

दोन्ही पीळ आपोआप गाताहेत. ती आता मागे नाही. सगळ्यांच्या बरोबर. पहिल्यांदाच.

क्लेनो दारात आली आहे. ओठ हलताहेत. आवाज तिथून नाही, माझ्या पाठीमागून, पिळातून येतोय—

म्हणतेय, बाबा, सांगून टाका ना, जुळ—