तीन हजार फायली आणि सुगंधामावशीचा नंबर

३ फेब्रुवारी, मंगळवार

ऑफिसात पाऊल ठेवते तोच फोन. "ओ बाय, तुमच्या कारखान्यात गॅस सुटला तर मी काय करू? आमी चिंचणीला बोंबील सुकवतो!" सुगंधामावशी म्हणे. प्लँटवरच्या सुजितने आपत्कालीन नंबर लावला तर तो तिला लागला; त्यानेच तिला माझा नंबर दिला.

भानगड अशी — कंपनीने आपत्कालीन नंबराचं रिचार्जच केलं नाही. नंबर बंद पडला, नव्या सिमवर या मावशीला मिळाला. आमच्या सुरक्षा सूचनांच्या ३,११२ फायलींत मात्र अजून तोच! उद्या काही झालं तर माणसं बोंबीलवालीला फोन लावणार.

कंपनीने आता नवा नंबर घेतलाय. सगळ्या फायलींत जुना शोध, नवा घाल — संगणकावर एका कमांडचं काम. पण आमचे साहेब, कमलेश सर म्हणाले, "स्वाती मॅडम, घाई नको. असं शोधून बदलणाऱ्या मोफत टूल्सची तुलना करून तक्ता द्या. समिती नेमलीय, ती ठरवेल." आणि मी मूर्ख, खूश झाले!

५ फेब्रुवारी

ग्रेप फक्त शोधतो. रिपग्रेप त्याहून झपाट्याने शोधतो, बदलही करतो — पण पडद्यावर. फायलीला हात लावत नाही. अगदी कमलेश सर! पर्ल सगळं करतो, पण लिहिलेलं दुसऱ्या दिवशी मलाच कळत नाही. एसडी सोपा, मला आवडला. आयटीतला धीरज मात्र सेड या जुन्या टूलचा भक्त. "ताई, एसडी कालचं पोर आहे." दिवसभर भांडलो. मजा आली.

९ फेब्रुवारी

मीटिंग. तक्त्याच्या रंगावर पाऊण तास.

१० फेब्रुवारी

चाचणी घेतली. सेडला दोन सेकंद. समितीचा आठवा दिवस.

१३ फेब्रुवारी

सुजितच्या हातावर अ‍ॅसिड उडालं. घाबरून त्याने भिंतीवरचा नंबर फिरवला. मावशी ओरडली, "नळाखाली धर हात! मी सांगत नाय तवर काढू नको!" वर भाच्याची रिक्षा पाठवली. हात वाचला.

मी तेव्हा तक्त्याचा फॉन्ट बदलत होते. लाज वाटली. खूप.

१६ फेब्रुवारी

मंजुरी! सेड जिंकला. सगळीकडे नवा नंबर, भिंतींवर नवे कागद. समोसे आले. धीरज नवरदेवासारखा फिरत होता.

१९ फेब्रुवारी

नवा नंबर लावून पाहिला. वाजतोय, वाजतोय... कमलेश सरांच्या ड्रॉवरमध्ये! ड्रॉवरला कुलूप, सर मुंबईला. ईमेल टाकला. उत्तर आलं — "पुढच्या मीटिंगमध्ये घेऊ."

२४ फेब्रुवारी

दुपारी व्हॉल्व्ह फुटला, अ‍ॅसिडची वाफ सुटली. सुजितने नवा नंबर नऊ वेळा लावला. कुणी उचलला नाही. मग पाठ असलेला जुना लावला.

मावशीने एकच विचारलं, "वारा कुठून हाय?" समुद्रावरून, म्हणाला. "मंग वाऱ्यासंगं पळू नका! आडवे पळा, आडवे!" चौदा माणसं आडवी पळाली. अग्निशमनलाही तिनेच कळवलं. सगळे सुखरूप आहेत.

संध्याकाळी सरांनी चौकशी समिती नेमली. तक्ता मीच करायचा आहे.

२५ फेब्रुवारी

तक्ता केला नाही. मावशीला फोन केला, भीत भीत विचारलं. मग सेड चालवला — नवा शोध, जुना घाल. दोन सेकंद. कागद सुजितने चिकटवले.

मावशी म्हणाली होती, "लाव की माझाच नंबर. मी रिचार्ज चुकवत नाय."