माझा भाऊ वाटणीत नाही

मी, ताकुआ, पाद्रीबाबांनी डोक्यावर पाणी टाकून जिला लेओनोर केले ती, गलबते बांधणारा सुतार मेल्चोर दे आरियासा याची विधवा, आसुन्सियोन येथील नदीकाठच्या राहत्या घरी अंथरुणावरून हे मृत्युपत्र सांगते आहे. पाय गेले आहेत, डोके जागेवर आहे. मला कोणी धाक घातलेला नाही. घालू शकेल असा माझा मुलगा बेर्नाबे दारात फुरंगटून बसला आहे, पण त्याला मीच वाढवले आहे. लेखनिक ओर्तुन्यो यांनी मी बोलेन तसेच लिहावे, गोड करू नये.

देह चर्चच्या अंगणात पुरावा, पण पाय नदीकडे असावेत. माझ्या माणसांकडे जायची वाट तिकडून आहे.

कलम पहिले. घर, उसाचे शेत, रस काढायचा चरक आणि होडी बेर्नाबेला. अट पुढे येईल, त्याने आत्ताच खूश होऊ नये.

कलम दुसरे. आम्ही बायका जो बांबू जमिनीवर आपटून नाचाला ताल धरतो, तो माझा बांबू माझ्या भावाच्या घरी जावा. माझे खरे नाव त्या बांबूचेच आहे. लेओनोर या नावाने मला आजवर कोणी प्रेमाने जेवायला बोलावलेले नाही.

कलम तिसरे. शेजारीण दोन्या ब्रीखिदा हिने माझे तांब्याचे पातेले नेले ते नेलेच. ते तिला दिले असे समजावे. झाकण मात्र माझ्याकडे आहे, ते माझ्यासोबत पुरावे.

आता चौथे कलम. ओर्तुन्योंना मुळात यासाठी बोलावले आहे.

माझ्या नवऱ्याला सरकारने एक हुकूम करून दिला होता. त्यात माझा भाऊ इविराजू आणि त्याच्या गावची माणसे मेल्चोरच्या सेवेला नेमली होती. मेल्चोर गेला तेव्हा तो हक्क माझ्याकडे आला. आता बेर्नाबेने गव्हर्नराकडे अर्ज केला आहे की आईमागे ती माणसे आपल्या नावे व्हावीत, उसाच्या कामाला हात कमी पडतात. म्हणजे माझा सख्खा भाऊ माझ्या मुलाला वारशात मिळणार, शेत आणि चरक यांच्या रांगेत. हे इथवर कसे आले ते मला सांगितलेच पाहिजे.

मेल्चोर आमच्या गावात आला तेव्हा त्याच्याकडे एक फाटकी विजार होती आणि एक लोखंडी कुऱ्हाड. ती कुऱ्हाड चालताना मी प्रथम पाहिली तो दिवस आठवला की अजून अंगावर काटा येतो. दगडी कुऱ्हाडीने ज्या झाडापायी माझ्या वडिलांचा अख्खा उन्हाळा गेला असता, ते झाड जेवायच्या आत आडवे झाले. वडील पुढे झाले, त्यांनी पात्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "याला सोयरा करून घ्या." असे माझे लग्न जमले. मला कोणी विचारले नाही, पण खरे सांगायचे तर मीही त्याच्याकडेच टक लावून बघत होते.

त्याच दिवशी इविराजूने त्याला तोवाहा म्हटले. आमच्या बोलीत पुरुषाच्या बहिणीचा नवरा तोवाहा आणि बायकोचा भाऊही तोवाहा. दोन्हीकडून एकच शब्द. त्याने हाक मारली की आपण हातातले टाकून जायचे, आपण मारली की त्याने यायचे. ज्याचे तोंड आपल्या तोंडासमोर आहे तो, असा त्या शब्दाचा अर्थ.

मेल्चोरला आमच्या बोलीतला हा शब्द सगळ्यांत आधी आला. पहिले गलबत बांधायला घेतले तेव्हा त्याने काठावर उभे राहून, गंमत म्हणून, पलीकडे "तोवाहा!" अशी हाक मारली. दुसऱ्या दिवशी नदी होड्यांनी भरून गेली. बाप्ये, बाया, पोरे, भाजलेले कसाव्याचे कंद, मक्याच्या दारूची मडकीच्या मडकी. लाकडे ओढताना ते गात होते, आणि जंगलातली सगळ्यांत जाड खोडे त्या गाण्यावर चालत आल्यासारखी काठाशी आली. मेल्चोरने टोपी काढून हातात धरली.

"ताकुआ, अगं हा शब्द आहे का मंत्र?"

"शब्दच आहे. पण तो तुलाही लागू होतो बरं का."

तो हसला. माझे दुसरे वाक्य त्याच्या कानात शिरलेच नाही. पुढे भावाच्या गावातले मोठे घर जळाले आणि त्याने हाक पाठवली, तेव्हा मेल्चोरने एक सुरी आणि मासे धरायचे गळ पाठवून दिले. स्वतः गेला नाही. मग काही वर्षांनी तो हुकूम आला.

येथे ओर्तुन्यो लेखणी थांबवून विचारतात, "पण बाई, तोवाहा म्हणजे शेतावरचा गडीच ना? आम्ही सगळे त्याच अर्थानं म्हणतो."

"अस्सं? तुमचा मेव्हणा घरी आला की अंगणात जेवतो का, कुत्र्यांबरोबर?"

"छे हो! तो माझ्या डोक्यावर बसतो."

"मग तेच लिहा."

लिहिले.

हुकूम आल्यावर मी भावाला म्हटले होते, "दादा, आता येऊ नकोस. रानात आत निघून जा, कोण शोधायला येतंय?"

"हुकूम त्यांनी काढलाय, नातं मी जोडलंय. मी कशाला पळू?" असे तो म्हणाला.

तो येत राहिला. दर तोडणीला मधाचा भोपळा घेऊन आला, कारण गडी रिकाम्या हाताने येतो, पाहुणा तसा येत नाही. काम संपले की अंगणात न थांबता आत यायचा, मेल्चोरच्या पुढ्यात, तोंडासमोर तोंड करून बसायचा, आणि मगच घास उचलायचा. देवीच्या साथीत त्याची बायको गेली, अर्धे गाव गेले. उरलेल्यांना घेऊन तो आला आणि तसाच समोर बसला. मी या डोळ्यांनी गलबते पाहिली, घोडे पाहिले, आकाशातून आल्यासारखी वाजणारी घंटा ऐकली. पण माझ्या भावाच्या त्या बसण्याएवढे मोठे मी काही पाहिले नाही. मेल्चोर शेवटी शेवटी त्याच्यापुढे मान वर करत नसे.

म्हणून मी तो हक्क सोडते. माणसे मी कोणालाच देत नाही. ती माझी नव्हतीच. ओर्तुन्यो सांगतात की नदीपलीकडच्या एवढ्याशा गावासाठी दुसरा कोणी अर्ज करणार नाही. बेर्नाबेने मागे घेतला तर गाव मोकळे राहील. तेव्हा अट अशी: त्याने अर्ज मागे घ्यावा आणि या हंगामात रान तोडायला स्वतः कुऱ्हाड घेऊन मामाकडे जावे. गडी पाठवू नये. बापाने जी ओ दिली नाही ती मुलाने द्यावी. तसे न केल्यास घर, शेत, चरक, होडी सर्व इविराजूचे.

हे ऐकून बेर्नाबे दारातून उठला.

"आई, गाव हसेल मला! माझ्याच गड्याचं रान मी तोडायचं?"

"तुझा मामा आहे तो."

"आजवर कोणी म्हणू दिलं का मला मामा? बाबांनी दिलं? तू तरी कधी भांडलीस?"

तो तरातरा निघून गेला. गव्हर्नराच्या घराकडेच गेला असणार. तिथे आज शिक्का बसला तर माझे हे सगळे बोलणे वाऱ्यावर जाईल. मला भीती वाटते, हेही लिहा.

वरील मजकूर मला माझ्या बोलीत वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच आहे. मला लिहिता येत नाही म्हणून खूण केली आहे.

ताकुआ ऊर्फ लेओनोर, खूण: ✕

आसुन्सियोन, संत लुसियेचा दिवस, सन १५८८.

साक्षीदार पहिला: दामियान, कुंभार. सही.

साक्षीदार दुसरा: होआकिन, नावाडी. खूण केली. हा उशिरा आला. कारण विचारता म्हणाला, "बेर्नाबेला पलीकडं सोडून आलो. कुऱ्हाड होती खांद्यावर. होडी मधे असतानाच मामा, मामा म्हणून ओरडायला लागला. म्हटलं, अरे काठ तरी लागू दे! पण तो म्हातारा कमरेएवढ्या पाण्यात चालत आला की हो."

हे ऐकल्यावर बाईंनी तोंडावर पांघरूण ओढून घेतले. लेखनिक ओर्तुन्यो. सही.

वारस बेर्नाबे यांची सही: ते नदीपार असल्याने झालेली नाही.