कोरा रकाना

९ नोव्हेंबर, रविवार

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

दोन महिने उत्तर दिलं नाही, त्याबद्दल आधी माफी मागतो. तीन वर्षांच्या अबोल्यानंतर तू चार ओळी धाडल्यास, नव्या नोकरीसाठी नोव्हेंबरअखेर जन्माचा दाखला हवा म्हणून, आणि जन्मनोंदणीच्या कचेरीत केस पिकवलेला मी गप्प बसलो. तुला वाटलं असेल, दादा अजून राग धरून आहे. राग नाही.

इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा थंडीत कुरकुरतो. तुझ्या खोलीत वहिनीने शिवणयंत्र मांडलंय. कचेरीला रंग दिला. भिंती पोपटी, माणसं तीच. मी असं इकडचं तिकडचं लिहू लागलो की समजावं, मुद्दा टाळतोय.

तुझी नोंद मला शोधावी लागली नाही. ती कुठल्या रजिस्टरात, कितव्या पानावर आहे हे मला बावीस वर्षं पाठ आहे. तारीख आहे, आईबाबांची नावं आहेत, 'मुलगी' असं आहे. नावाचा रकाना कोरा आहे. तेव्हा जन्म इस्पितळातून कळवला जाई आणि नाव ठेवलं की घरच्या कुणीतरी येऊन ते लिहवून जायचं. माझ्या वेळी बाबा बारशाच्या दुसऱ्याच दिवशी आले होते. तुझ्या वेळी कुणीच आलं नाही. शाळेच्या दाखल्यावर तुझं आजवर भागलं.

नोकरीला लागलो त्याच आठवड्यात मी दोन्ही पानं पाहिली. सांगून काय मिळणार, असं तेव्हा वाटलं. पण बाबा गेल्यावर तू म्हणालीस, 'मला या घरात कधी धरलंच नाही,' आणि मी सगळ्यांदेखत म्हणालो, 'पुरावा दाखव.' ठमे, पुरावा माझ्या कपाटात होता. किल्ली माझ्या खिशात होती.

अजून एक. गेल्या महिन्यात त्या जुन्या शाईशी जुळणारी शाई मी आणली. पेन भरलं, पान उघडलं. तुझं नाव लिहिलं असतं तर साहेबांना कळलं नसतं आणि तुलाही नाही. लिहिलं नाही. हा प्रामाणिकपणा की भित्रेपणा, हे डायरीत दोनदा लिहून दोनदा खोडलं.

सरळ मार्ग एकच. आईवडिलांपैकी एकाचं प्रतिज्ञापत्र. म्हणजे आईला विचारणं आलं, आणि तेच मी टाळत होतो. आज दुपारी मसुदा तिच्यापुढे ठेवला. कारणाच्या जागी आमच्याकडे ठरलेलं वाक्य असतं: नाव नोंदवणे नजरचुकीने राहून गेले. शेकडो लोकांना मीच ते सांगितलंय. आई शर्टाला बटण लावत होती. तिने चष्मा नीट करून दोनदा वाचलं.

"नजरचूक कसली? मी यांना तीनदा म्हटलं, जाऊन या. म्हणाले, पोरीला दाखला कशाला लागतोय. चौथ्यांदा मी म्हटलं नाही. मलाही तेव्हा दुसरा मुलगाच हवा होता. तसं लिही, तर सही करीन."

मी समजावलं की कचेरीत कारण कुणी वाचत नाही.

"ठमी वाचेल," ती म्हणाली आणि सुईत दोरा ओवू लागली. तिसऱ्यांदा ओवला गेला. मी मदतीला हात पुढे केला नाही. का, ते माहीत नाही.

कागद साहेबांकडून अडणार नाही. कायद्याला कारण लागतं, ते चांगलंच असावं असं नाही. शुक्रवारी तुझ्या नावाचा दाखला टपालात पडेल, मुदतीआधी पोहोचेल. सोबत नोंदीची आज आहे तशी खरी प्रत पाठवतोय, कोऱ्या रकान्यासकट. ती तुझ्याकडेच असू दे. पुन्हा कुणी पुरावा मागितला तर दाखवता येईल.

'चुकलो' असं लिहिणार होतो. पण तीही नजरचूकच ठरली असती. मी जाणूनबुजून गप्प राहिलो.

तुझा
दादा

(डायरीत, त्याच रात्री) उद्या: कारणाची ओळ आईच्या शब्दांत लिहून तिला वाचून दाखवणे.