उलटी चढलेली गाडी

प्रिय दादा,

आधी काय घडलं ते क्रमाने लिहिते.

१. आईच्या गाडीतला, मागच्या चाकांना जोर पोचवणारा सगळा भाग मी काढला.
२. गाडी सुरू केली. इंजिन चाललं, गाडी हलली नाही.
३. चूक माझी होती. ती सुधारली.
४. गाडी आता फक्त पुढच्या दोन चाकांच्या जोरावर चालते.
५. रविवारी आई ती गाडी टोपीवाल्यांच्या गोठ्यापर्यंत घेऊन गेली. मी शेजारी बसले होते.

पाचवा मुद्दा वाचून तू लगेच फोन उचलशील. उचलू नकोस. फोनवर तू बोलत राहतोस, मी गप्प बसते आणि तुला वाटतं की मला पटलं. म्हणून हे पत्र.

मागच्या चाकांकडून येणारा घरघराट तू आला होतास तेव्हा ऐकलाच आहेस. आतले दाते झिजले होते आणि ते भाग आता कुणी बनवत नाही. तुझं म्हणणं सरळ होतं: गाडी विकायची, आईने जनावरांची डॉक्टरकी थांबवायची आणि तुमच्याकडे राहायला यायचं. गेल्या हिवाळ्यात ती गाडीसकट चरात घसरली होती, हे मीही विसरलेले नाही. तुझी भीती खोटी नाही. पण मी आईला बिघाड समजावून सांगितला, तेव्हा ती हात पुसत म्हणाली, "मागच्या पायांत जोर नाही ना? मग त्यांना नुसतं मागनं येऊ दे. ओढायचं काम पुढच्यांना सांग. तीन पायांची कुत्री बरी करून घरी पाठवलीत मी, ही तर गाडी आहे."

मी गाडी उचलून टेकूंवर ठेवली आणि दिवा घेऊन खाली सरकले. दादा, ही गाडी आपण इतकी वर्षं वरूनच पाहिली. धुतलीसुद्धा वरूनच. खालून ती वेगळीच आहे. पत्र्यावर दगडांचे ओरखडे आहेत, लांबच लांब, एकावर एक. चिखल खरवडला तर थर निघाले, वर काळा, मग तांबडा, अगदी आत चुनखडीचा पांढरा. आडव्या पट्टीत दाव्याचा एक तुकडा अडकला होता, वासराच्या गळ्यातला असावा. मी रोज गिअरबॉक्स तपासते, कुठला भाग किती भार सोसेल हे सांगणं माझं कामच आहे. तरी मी बराच वेळ पान्हा हातात धरून नुसती पडून राहिले. आई संध्याकाळी दारात चपला काढायची आणि "आज फार काही नव्हतं" म्हणायची, ते आठवत होतं.

मग डाव्या मागच्या चाकाजवळ एक रबरी बूट दिसला. सांध्यातलं ग्रीस बाहेर येऊ नये म्हणून त्यावर एक घडीघडीचा बूट असतो. तो कधीतरी फाटला होता आणि कुणीतरी शिवला होता. टाके घालून, जनावरांच्या जखमा शिवायच्या दोऱ्याने, वर गोंदाचा थर देऊन. प्रत्येक टाका सुटा, प्रत्येकाची गाठ एका बाजूला. कुंपणावरून पडून तुझा गुडघा फुटला होता, तेव्हा आईने तुला स्वयंपाकघरातल्या टेबलावर झोपवून टाके घातले होते आणि मी तुझं डोकं धरलं होतं. तीच गाठ. माझ्या हिशेबाने तो बूट आठवडाभरही टिकायला नको होता. चाकाबरोबर तो सतत फिरतो, दुमडतो. आतलं ग्रीस जसंच्या तसं होतं. आईला विचारलं तर म्हणाली, "असेल. वर कुठेतरी अडकले होते वाटतं. एवढं काय त्यात?"

आता चुकीबद्दल. या गाडीत मध्ये एक पेटी आहे, इंजिनाचा जोर ती पुढे आणि मागे वाटते. जिकडे अडवणारं काही नसतं, तिकडे सगळा जोर पळतो. मागे जाणारा लांब दांडा काढला की ती पेटी आतून पक्की करावी लागते. हे मी झोपेतही सांगेन. तरीही दांडा काढून मी गाडी तशीच खाली उतरवली. आईने गिअर टाकला. मी वाकून पाहिलं तर दांडा जिथे जोडलेला असायचा ते टोक हवेत गरगर फिरत होतं. एवढं मोठं इंजिन, सगळं त्या रिकाम्या टोकात चाललं होतं आणि पुढची चाकं ढिम्म. आईने खिडकीतून डोकं काढलं. "अभिनंदन, इंजिनिअरबाई. आता ढकला." मी हसले, पण नजर हलेना. तुझ्या घरातली ती खोली आठवली, तू आईसाठी रंगवून घेतलेली, खिडकीशी खुर्ची ठेवलेली.

पुढच्या सुट्टीपर्यंत मी आमच्या कारखान्यातल्या लेथवर एक भरीव तुकडा कातून घेतला आणि पेटीत बसवला. गाडी निघाली. आवाज गेला. रविवारी सपाट रस्त्यावर चाचणी चालली होती, तेवढ्यात टोपीवाल्यांचा फोन आला. गाय अडली होती, वासराचे मागचे पाय आधी आले होते. आईने माझ्याकडे पाहिलं नाही. मी दार उघडून उतरू शकले असते. उतरले नाही.

गोठ्याखालचा शेवटचा चढ तुला माहीत आहे. खडी ओली होती. अर्ध्यावर पुढची चाकं जागीच फिरायला लागली आणि गाडी हळूहळू मागे, वळणापर्यंत घसरली. मला हेच होणार हे ठाऊक होतं, आकड्यांनिशी. आई ब्रेकवर पाय ठेवून बसली. "चढावर वजन मागे जातं ना गं?" म्हटलं, हो. "आणि आता जोर पुढे." हो. "मग तोंड खाली करून गेलो तर?" मी मनात मांडणी केली. वजन ओढणाऱ्या चाकांवर येणार होतं. म्हटलं, चढेल. तिने वळणावर गाडी फिरवली, एक हात माझ्या सीटच्या पाठीवर टाकला, मान मागे वळवली आणि उलटी निघाली. "वासरू उलटं, गाडी उलटी. आज कुणाला काही सरळ सुचत नाहीये."

ती मागे बघत होती, म्हणून समोरचं फक्त मला दिसलं. काचेत सगळी दरी उलगडत गेली. आलो तो रस्ता, त्याला फुटलेल्या वाटा आणि प्रत्येक वाटेच्या शेवटी एक छप्पर. प्रत्येक छपराखाली ती कधी ना कधी गेलेली आहे, आणि मी ते सगळं एकाच वेळी बघत होते. वासरू जगलं. परत चढ उतरताना आई म्हणाली, "अगदी वरची शेवटची दोन घरं सोडली मी. या गाडीला ती झेपणार नाहीत. ओल असेल तेव्हा बाकीच्यांनीही जनावर खाली आणायचं. पण बाकीची घरं माझी." कुणी न विचारता म्हणाली. आवाज नेहमीचाच होता, फक्त पुढचे दोन गिअर तिने उगीच जोरात टाकले.

दादा, तू मला सांगितलं होतंस, 'गाडी दुरुस्त होणार नाही असं तू म्हण, तुझ्यावर ती विश्वास ठेवेल.' मी "बघते" म्हटलं होतं. बघितलं. मी तसं म्हणणार नाही. पाहिजे तर येऊन तिच्या शेजारी बस, मी मागे बसेन. तो शिवलेला बूट सोबत पाठवते आहे, पुसून. गाठी मोजू नकोस, नुसता हातात धर. गाडी विकत न्यायला तू ठरवलेल्या माणसाला नको म्हणून कळव आणि कळवलंस की नाही ते मला वीस तारखेपर्यंत लिही.

तुझीच,
धाकटी